जर-तरची शाळा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला दिलेला विषय असा : ‘आपल्या १९८६ च्या दहावीच्या तुकडीतले चौघे संगणकाच्या क्षेत्रात गेले. शाळेत तेव्हा संगणक नव्हता. मग हे घडले कसे, ते लिही.’ उत्तर शोधायला बसलो तेव्हा शाळेच्या आवारातून बाहेर पडावे लागले आणि बरेच मागेही जावे लागले. त्यामुळे हा लेख आठवणींचा थोडा आणि इतिहासाचा जास्त झाला आहे.

आधी तो काळ डोळ्यांसमोर आणू या. आपण आठवीत होतो तेव्हा, ३ एप्रिल १९८४ रोजी, राकेश शर्मा सोयूझ यानातून अंतराळात गेले. दहावीची परीक्षा महिन्यावर आली असताना, ९ फेब्रुवारी १९८६ रोजी, हॅलेचा धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळून गेला. त्याच सुमारास दिल्लीत रेल्वेचे आरक्षण संगणकावर होऊ लागले होते आणि बँकांत संगणक आले तर कारकुनांचे काय होणार यावर वाद चालू होते. आपल्यापैकी कुणी मात्र संगणक डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. कुणाचे वडील खोपोलीच्या कारखान्यात, कुणाचे रसायनीला हिंदुस्थान ऑरगॅनिकमध्ये, कुणाचे रेल्वेत आणि बऱ्याच जणांचे भातशेतीत. दहावीनंतर काय, या प्रश्नाची ठरलेली उत्तरे होती : आयटीआय, डी.एड., नाही तर कर्जतहून लोकल पकडून मुंबईत मिळेल ती नोकरी.

यंत्रे आपल्याला अनोळखी नव्हती. उलट, आपला मुलूख यंत्रांच्या शेजारी वाढला. बोरघाटातून १८६३ पासून आगगाडी जाते. पुण्याकडे निघालेल्या गाडीला कर्जतला मागून बँकर इंजिने जोडतात, तेवढ्यात वडापाव घेऊन गाडी पकडायची, हे आपल्याला लहानपणीच अंगवळणी पडले होते. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचे पाणी जाड नळांतून घाट उतरून खोपोलीच्या वीजघरात येते आणि वीज करून पाताळगंगेला मिळते, हे १९१५ पासून चालू आहे. तिथली वीज पहिल्यांदा गेली ती मुंबईच्या गिरण्यांकडे. कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे वीजघर १९२२ चे. पण ही यंत्रे आपल्यासाठी डोंगरासारखी होती. ती होतीच. कुणीतरी, कधीतरी, कुठेतरी ठरवून ती तिथे ठेवली होती. ती अशीच का, वेगळी का नाहीत, असा प्रश्न आपल्याला पडत नसे.

तो प्रश्न पाडला तो शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाने. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरचे ते दोन दारांचे लाकडी कपाट आठवत असेलच. शनिवारी अर्ध्या शाळेनंतर बाई कुलूप काढत. एका वेळी एक पुस्तक, आठ दिवसांची मुदत, आणि वहीत सही. त्या कपाटात भा. रा. भागवतांची पुस्तके होती, ‘किशोर’चे जुने अंक दोऱ्याने बांधून ठेवलेले होते, आणि वरच्या खणात, ‘मोठ्या मुलांसाठी’ म्हणून, जयंत नारळीकरांचे ‘यक्षांची देणगी’.

ही पुस्तके त्या कपाटात येण्यामागे एक मोठा प्रवास आहे. मराठीत विज्ञानकथा नारळीकरांपासून सुरू झाली असा आपला समज असतो. ती त्यांच्या कितीतरी आधीची आहे. मराठी मुलखापासून लांब, कोचीनला, कृष्णाजी नारायण आठल्ये ‘केरळ कोकिळ’ नावाचे मासिक चालवत. त्यात १९०० साली ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे भाषांतर ‘चंद्रलोकची सफर’ या नावाने क्रमशः येऊ लागले. म्हणजे बैलगाडीतून बाजाराला जाणाऱ्या वाचकाच्या हातात चंद्रावर जाण्याचा हिशेब पडला होता. पुढे १९१५ साली श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही कथा आली. स्वतंत्र मराठी विज्ञानकथांमध्ये तिचा उल्लेख अगदी सुरुवातीला होतो. खोपोलीच्या वीजघराचे वर्षही तेच. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण वीज तारेतून घाटाखालून मुंबईला जात होती त्याच वर्षी मराठी माणूस विज्ञानाची गोष्ट स्वतः रचून पाहत होता, हे मला लक्षात ठेवावेसे वाटते.

आपल्या पिढीच्या आधीच्या आणि आपल्याही मुलांना व्हर्न भेटला तो भा. रा. भागवतांमुळे. त्यांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे सगळ्यांना माहीत आहे. पण ‘चंद्रावर स्वारी’सारखी त्यांची रूपांतरे वाचताना आपल्याला वेगळेच काही मिळत होते. व्हर्नचे वीर देवाचा धावा करून चंद्रावर जात नाहीत. तोफ किती लांब हवी, दारू किती भरावी, वेग किती पाहिजे, पैसे कुठून आणायचे, यावर ते पानेच्या पाने भांडतात. जादूच्या गोष्टीत ‘खुल जा’ म्हटले की दार उघडते. व्हर्नच्या गोष्टीत दार कसे उघडायचे, तीच गोष्ट असते.

यानंतरचे मोठे वळण संस्थेचे आहे. २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. विज्ञान मराठीतून लोकांपर्यंत न्यायचे, हा तिचा उद्देश. परिषदेने १९७० पासून विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली. १९७४ च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले आणि मग उलगडले की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ते नाव घेतले होते. केंब्रिजहून परतून दोन वर्षांपूर्वी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झालेल्या, देशभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाला आपली कथा नावावर नाही तर गुणांवर तपासून घ्यायची होती. पुढच्याच वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या नव्या प्रकाराची दखल घेतली आणि विज्ञानकथेला मराठी साहित्याच्या ओसरीवरून माजघरात प्रवेश मिळाला.

नारळीकर कथा लिहू लागले यामागेही गुरू-शिष्याची एक गोष्ट आहे. ते १९५७ साली केंब्रिजला गेले. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही विज्ञान कादंबरी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. चार वर्षांनी हॉईल यांनी जॉन इलियट यांच्याबरोबर बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका लिहिली. दूरच्या आकाशगंगेकडून संदेश येतो, आणि उलगडल्यावर कळते की तो एक संगणक बांधण्याच्या सूचनांचा संच आहे, अशी तिची कल्पना. पुढे नारळीकरांनी ‘वामन परत न आला’ लिहिली. तिच्यात जमिनीखाली एका नाहीशा झालेल्या संस्कृतीची ठेव सापडते आणि तिच्यातल्या सूचनांवरून एक विचार करणारे यंत्र तयार होते. गुरूने आकाशातून आणलेली कल्पना शिष्याने मातीतून काढली, आणि त्या यंत्राला नाव दिले ते आपल्या आजीलाही कळेल असे : वामन. सुरुवातीला लहान दिसणारा आणि मग तीन पावलांत सगळे व्यापणारा. आज संगणकाने काय काय व्यापले आहे ते पाहिले की या नावाची निवड किती नेमकी होती ते कळते.

नारळीकर ज्या संस्थेत काम करत होते, त्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतात आखून बांधलेला पहिला मोठा संगणक १९६० साली पूर्ण झाला होता. पुढे पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे नाव ठेवले गेले ‘टिफरॅक’. त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत. माझा हा लेखसुद्धा त्यात पुरता मावला नसता.

गोष्ट वाचून यंत्र घडवणारी माणसे जगात कमी नाहीत. ‘रोबो’ हा शब्दच कारेल चापेकच्या १९२० च्या एका चेक नाटकातून आला. आयझॅक ॲसिमॉव्हच्या यंत्रमानवांच्या कथा तरुणपणी वाचलेल्या जोसेफ एंगलबर्गर यांनी जॉर्ज डेव्हॉल यांच्या शोधावरून ‘युनिमेट’ हा कारखान्यातला यंत्रमानव उभा केला. १९६१ साली तो अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. आपल्याला ॲसिमॉव्हचे ऋण आहे, हे ते उघडपणे सांगत. दुसरे उदाहरण माझ्या धंद्याच्या अधिक जवळचे. जॉन ब्रनर यांच्या १९७५ च्या एका कादंबरीत संगणकांच्या जाळ्यात सरपटत जाणारा, आपोआप वाढणारा एक प्रोग्रॅम आहे. त्यानंतर झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात जॉन शॉक आणि जॉन हुप यांनी रात्री रिकाम्या पडलेल्या संगणकांवर स्वतःहून पसरून काम करणारा प्रोग्रॅम खरोखर लिहिला आणि कादंबरीवरून त्याला ‘वर्म’, म्हणजे किडा, असे नाव दिले. एका सकाळी येऊन पाहतात तो इमारतभर संगणक बंद पडलेले. किडा बिघडला होता आणि जिथे जिथे संगणक पुन्हा चालू करावा तिथे पुन्हा शिरत होता. शेवटी त्याला मारणारा दुसरा प्रोग्रॅम सोडावा लागला. कादंबरीने कल्पना दिली आणि तिच्यातला धोकाही. भातावर पडणारा करपा आणि तुडतुडा पाहिलेल्या आपल्यासारख्यांना हे समजायला फार वेळ लागू नये.

आता पुन्हा आपल्या वर्गात येऊ. मला जिने सगळ्यात जास्त धरून ठेवले ती कथा यंत्राची नव्हतीच. ती होती नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात जिथे १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेली नाही. ती जवळून निघून गेली. मराठे जिंकले, आणि पुढचा सगळा इतिहास वेगळा झाला. या कथेचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या ‘हॉर्नबिल’ या पुस्तकात घेतलेले आहे. काही वर्षांपूर्वी भाचीला ते शिकवताना मला एक वाक्य सापडले आणि फार आनंद झाला. गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला निघतात. त्या दुसऱ्या जगात गाडीचे नाव ‘जिजामाता एक्स्प्रेस’ आहे, ती डेक्कन क्वीनपेक्षा जलद आहे, पण घाट तसाच आहे, आणि घाट उतरून गाडी क्षणभर थांबते ती कर्जतलाच. पानिपत जिंकले काय, हरले काय, गाडी कर्जतला थांबणारच!

नववीत असताना ही कथा आपल्या वर्गात हातोहात फिरली. पुस्तक एकच, आणि बाईंच्या वहीत एकामागून एक सह्या. त्याच वेळी इतिहासाच्या तासाला उंबरखिंडीची लढाई निघाली. ती तर आपल्याच तालुक्यातली. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज चावणीजवळच्या जंगलातल्या अरुंद खिंडीत कोंडून शरण आणली. खान बोरघाटाने न येता कुरवंडे घाटाने उतरला होता. मधल्या रांगेतून आपली एक मैत्रीण उभी राहिली आणि तिने विचारले, “सर, जर खान बोरघाटानेच उतरला असता तर?”

वर्ग हसला. सर म्हणाले, “इतिहासात जर-तरला जागा नसते.” मग खडू ठेवून जरा थांबले आणि म्हणाले, “पण विचारलंच आहेस तर नुसतं ‘जर’ म्हणून सोडू नकोस. ‘तर’ पुढं काय, ते एकेक पायरी करून सांग. एक पायरी गाळलीस तर मी उत्तर धरणार नाही.” पुढची वीस मिनिटे फळ्यावर दोन वाटा आखल्या गेल्या. बोरघाटाने उतरला तर वाट कुठे रुंद, कुठे अरुंद. पाणी कुठे. महाराजांच्या टेहळ्यांना खबर कधी. खबर वेळेवर आली तर एक उत्तर, उशिरा आली तर दुसरे. प्रत्येक ‘तर’मधून आणखी दोन ‘जर’ निघाले. तास संपला, घंटा झाली, आणि फळा झाडासारखा फांद्यांनी भरला.

तेव्हा ते आपल्याला कळले नाही, पण आपण पहिला प्रोग्रॅम लिहिला तो त्या दिवशी, आणि तो खडूने लिहिला.

हे मला समजले १९९० च्या आसपास. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा संपवून मी मुंबईत नोकरीला लागलो होतो आणि संध्याकाळी संगणकाचा वर्ग लावला होता. खोपोलीहून पहाटेची लोकल, रात्री शेवटच्या गाडीने परत. सव्वापाच इंची फ्लॉपी, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे. शिकवणाऱ्याने फळ्यावर लिहिले : इफ, देन, एल्स. वर्गातली बरीच मुले गोंधळली. मला ते मराठीतून ऐकू आले : जर, तर, नाही तर. संगणकाला दुसरे काही येत नाही. कितीही मोठा असो, तो ‘जर हे असेल तर ते कर, नाही तर दुसरे कर’ एवढेच, फार भराभर, करतो. आणि सरांची अट त्यालाही लागू असते. एक पायरी गाळली तर तो उत्तर धरत नाही.

त्यानंतर ॲसिमॉव्हची १९४२ मधली ‘रनअराउंड’ ही कथा वाचली. तिच्यातला यंत्रमानव बुध ग्रहावर एका तळ्याभोवती नुसता गोल गोल फिरत राहतो. हुकूम पाळायचा नियम त्याला पुढे ढकलतो, स्वतःला जपायचा नियम मागे खेचतो, आणि दोन्ही सारख्या जोराचे झाले की तो तिथेच फिरतो. रोज रात्री माझा प्रोग्रॅम असाच एका जागी फिरत बसे. फरक एवढाच की ती कथा वाचल्यापासून मी यंत्राला शिव्या देणे सोडले आणि मी दिलेले कोणते दोन नियम एकमेकांशी भांडताहेत ते शोधू लागलो. माझ्या कामातली सगळ्यात उपयोगी सवय मला कुठल्या कोर्समध्ये नाही, एका कथेत मिळाली.

१९९० च्या दशकाच्या शेवटी माझ्यासारख्या हजारो भारतीय मुलांना काम दिले ते अशाच एका न विचारलेल्या ‘जर’ने. जागा वाचवण्यासाठी जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहीत : १९६५ म्हणजे ६५. ‘जर २००० साल आले तर?’ हे लिहिणाऱ्याने विचारले नव्हते, किंवा तोवर हा प्रोग्रॅम राहणारच नाही असे धरले होते. मग ०० मधून ६५ वजा करणारा संगणक माणसाचे वय उणे ६५ सांगणार, पेन्शन अडणार, व्याज उलटे फिरणार. आम्ही दिवसरात्र बसून ओळीन् ओळ तपासली. ते काम रुक्ष होते. पण मला तेव्हा वाटे की विज्ञानकथा वाचणारा एक जण जर त्या जुन्या खोलीत असता, तर त्याने हा प्रश्न पंचवीस वर्षे आधीच विचारला असता.

महाराष्ट्रातही या काळात पुष्कळ घडत होते. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या खेड्यात जन्मलेले विजय भटकर पुण्यात १९८८ साली सुरू झालेल्या सी-डॅकचे प्रमुख झाले आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. नारळीकरही १९८८ मध्येच पुण्यात आयुका उभारण्याच्या कामाला लागले. तालुक्याच्या गावात संगणक घरोघरच्या बोलण्यात आला तो २००१ नंतर, ‘एमएस-सीआयटी’मुळे.

आता एक खुलासा करायला हवा. विज्ञानकथा वाचली की माणूस संगणक अभियंता होतो, असे मी म्हणत नाही. त्या वहीत चाळीसएक सह्या असतील. संगणकात गेलो चौघे. बाकीचे तेच पुस्तक वाचून शेतकरी झाले, शिक्षक झाले, एसटीत गेले, कारखान्यात गेले, आणि त्यांचे वाचणे वाया गेले असे मला मुळीच वाटत नाही. आम्ही चौघे गेलो त्याला इतरही कारणे होती. आम्ही चौघेही मुलगे होतो. आमच्या घरी लोकलच्या पासाचे पैसे निघत होते. रात्री अकराला खोपोली स्टेशनवर उतरलो तर कुणी काही बोलत नव्हते.

उंबरखिंडीचा प्रश्न विचारणारी आपली मैत्रीण आम्हा चौघांपेक्षा हुशार होती आणि वहीत तिच्या सह्या सर्वांत जास्त होत्या. तिला दहावीनंतर मुंबईला पाठवले नाही. तिचे नाव तिच्याच सांगण्यावरून इथे लिहीत नाही. लग्न झाले, दोन मुले झाली, आणि वयाच्या तिशीत तिने मुलांबरोबर बसून एमएस-सीआयटी केले. पुढे तिने स्वतःचे संगणक केंद्र काढले. तिच्याकडे शिकून गेलेल्या मुलींची संख्या आम्हा चौघांनी मिळून शिकवलेल्यांपेक्षा खूप मोठी आहे. मागच्या दिवाळीत भेटली तेव्हा मी तिला विचारले, “तुला राग येत नाही?” ती म्हणाली, “राग कसला? ते ‘जर’ माझ्या हातात नव्हतं. ‘तर’ होतं, ते मी केलं.” एवढे बोलून तिने चहा टाकला. मला मात्र ते वाक्य त्या संध्याकाळपासून सोडत नाही. जर-तर ही नुसती डोक्याची करमणूक नाही. कुणाला ‘जर’ विचारायची मुभा मिळते आणि कुणाला मिळत नाही, हाही एक इतिहासच आहे.

आणि आपल्या मुलखाला या सवयीची गरज किती आहे, ते तीन वर्षांपूर्वी सगळ्यांनी पाहिले. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. आपल्यापैकी कितीतरी जण दुसऱ्या दिवशी चिखलातून वर चढून मदतीला गेले होते. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ती वाडी नव्हती, असे तेव्हा सरकारतर्फे सांगितले गेले. मला त्यावरून कुणाकडे बोट दाखवायचे नाही. यादी म्हणजे आधी विचारून झालेल्या प्रश्नांची उत्तरे. जो प्रश्न कुणी विचारलाच नाही, तो यादीत कसा येणार? पावसाची नोंद, डोंगराचा उतार, माती किती भिजली, हे सगळे आज संगणकाला सांगता येते. पण ‘जर हा डोंगर खाली आला तर?’ हे आधी माणसाला सुचावे लागते, आणि ते त्या डोंगराखाली वाढलेल्या पोराला मुंबईतल्या माणसापेक्षा आधी सुचू शकते. फक्त त्याला ते विचारायची सवय हवी, आणि विचारल्यावर हसणारा वर्ग गप्प करणारे कुणीतरी हवे.

नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा एका शास्त्रज्ञाला तो मान मिळाला म्हणून कौतुक झाले. मला त्यापेक्षाही मोठी वाटते ती १९७४ ची गोष्ट. मोठ्या माणसाने नाव झाकून, इतरांच्या रांगेत उभे राहून, मराठीत एक कथा पाठवली. ती परीक्षकांसाठी होती. पण फिरत फिरत ती आपल्या तालुक्यातल्या एका कुलूपबंद कपाटापर्यंत पोहोचली.

म्हणून मेळाव्यात ज्या ठरावावर आपण बोलणार आहोत त्याबद्दल माझे मत इथेच मांडतो. तुकडीच्या निधीतून शाळेला दहा नवे संगणक द्यायचे, असा प्रस्ताव आहे. तो चांगला आहे आणि माझा त्याला पाठिंबा आहे. पण संगणक चार-पाच वर्षांत जुना होतो. त्यातले दोन कमी करावेत आणि त्या पैशांतून पुस्तकांचे एक कपाट द्यावे, अशी माझी सूचना आहे. भा. रा. भागवत, नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, आणि आज लिहिणारे नवे लोक. दर वर्षी थोडी भर घालण्याची जबाबदारी मी घेतो. दोन अटी मात्र आहेत. पहिली, कपाटाला कुलूप नको. काही पुस्तके परत आली नाहीत तरी चालतील. दुसरी, आठवड्यातून एक तास असा असावा की ज्यात मुलांनी ‘जर’ विचारायचे आणि शिक्षकांनी ‘तर’ एकेक पायरी करून घ्यायचे. हा तास कुणी घ्यावा, ते मला माहीत आहे. तिचे संगणक केंद्र शाळेपासून दहा मिनिटांवर आहे आणि मी तिला विचारलेही आहे. ती हो म्हणाली आहे.

आपले सर आता ऐंशी ओलांडून गेले आहेत आणि मेळाव्याला येणार आहेत. सर, इतिहासात जर-तरला जागा नसते, हे आपण शिकवलेत. ते आम्ही उत्तरपत्रिकेत लिहिले आणि गुणही मिळवले. पण त्याच तासाला आपण फळा मोकळा करून दिला होता. आमच्यापैकी काहींचे पोट गेली तीस-पस्तीस वर्षे त्या फळ्यावर चालले आहे. त्याबद्दल सगळ्यांच्या वतीने नमस्कार.